कुंभवली नाक्यावरची गणती

गणतीचा वार सोजराबाईंनी स्वतः ठरवून दिला होता. पुढे गावाने ही गोष्ट त्यांना कधी तोंडावर बोलून दाखवली नाही; परंतु न बोलताही माणसाला पुष्कळ ऐकवता येते, आणि दांडीच्या बायकांना ती विद्या चांगली अवगत होती.

सोजराबाईंचे वय बहात्तर. मासळी विकणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी. कोणी नेमलेल्या नव्हत्या, कोणी निवडून दिलेल्या नव्हत्या. पण गेल्या तीस वर्षांत त्यांचा शब्द ओलांडून दांडीची एकही पाटी बोईसरच्या बाजारात बसली नव्हती. कोणी कुठल्या जागी बसायचे, कोणाच्या गिऱ्हाइकाला कोणी हाक मारायची नाही, भांडण झाले तर कोणी आधी तोंड मिटायचे, हे सारे त्या ठरवीत, आणि एकदा ठरवले की त्यावर पुन्हा बोलणे होत नसे.

सकाळची बस होती तोवर रस्त्याची चिंता कोणाला नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती बंद झाली. आता रिक्षावाले बायकांना कुंभवलीच्या नाक्यापर्यंत आणीत आणि तिथे उतरवून देत. पाटीचे पाणी गळते, वास येतो, पुढची सवारी नाक मुरडते, अशी त्यांची तक्रार. नाक्यापासून बाजारापर्यंतचे दोन-अडीच मैल मग पायी. उजव्या हाताला कारखान्यांचे टँकर, डाव्या हाताला उघडे गटार, आणि दोहोंच्या मध्ये डांबराची वीतभर कड. त्या कडेवरून डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, सायकलवरचे कामगार, डोंगरपाड्यांतून भाजीचे भारे घेऊन उतरलेली माणसे आणि शाळेच्या मुली एकामागे एक चालत. मागून हॉर्न वाजला की सारी रांग गटाराकडे झुके, आणि टँकर गेला की पुन्हा सरळ होई.

मागल्या दिवाळीच्या तोंडावर या रांगेतली पुष्पलता झुकायला क्षणभर उशीर करून बसली. पुष्पलता ही सोजराबाईंची थोरली सून. टँकरचा मागचा कोपरा तिला लागला. जीव वाचला, पण कमरेचे हाड असे मोडले की ज्या बाईने वीस वर्षे डोक्यावर वीस-वीस किलो मासळी वाहिली, ती आता लोखंडी वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाई आणि परत येऊन बोंबील निवडायला बसे.

त्या दिवसापासून सोजराबाईंनी रस्ता मनावर घेतला. नाक्यापासून बाजारापर्यंत चालण्याजोगी फरसबंद कड हवी आणि सकाळची बस पुन्हा सुरू व्हावी, एवढीच मागणी. अर्ज लिहायला नात होती. पुष्पलतेची मुलगी हिमानी सायकलने बोईसरच्या कॉलेजात जाई, त्याच रस्त्याने. तिने अर्ज लिहावेत आणि सोजराबाईंनी ते पालघरच्या सरकारी कचेरीत नेऊन द्यावेत, असे पाच महिने चालले. कचेरीत कोणी ‘बसा’ म्हटल्याखेरीज सोजराबाई बसत नसत, आणि उत्तर मिळाल्याखेरीज उठत नसत. सहाव्या खेपेला तर शिपायानेच खुर्ची पुढे केली. “बसा आजी. तुम्ही उभ्या राहिल्यात की साहेबांना जेवण जात नाही.”

सातव्या खेपेला दिग्विजय नावाच्या तरुण अभियंत्याने फाईल उघडली. मुलगा सरळ होता.

“आजी, वरचे लोक विचारतात, या रस्त्याने चालतं कोण? तोंडी उत्तर चालत नाही. नाक्यावर आमची माणसं बसतील, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. पायी जाणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक सायकल, एकेक रेघ. दोन्ही मिळून चारशेच्या वर भरले तर प्रस्ताव वर जातो.”

“आणि नाही भरले तर?”

“फाईल बंद. पुन्हा गणती तीन वर्षांनी.”

“चारशे?” सोजराबाई हसल्या. “दोनशे तर आमच्याच दोन-तीन गावांच्या बायका आणि शाळेच्या पोरी. बाकीचे सायकलवाले आणि डोंगरातले. दिवस कुठला?”

“या बुधवारी येतील माणसं, किंवा पुढच्या आठवड्यात शुक्रवारी. तुम्हाला कुठला सोयीचा?”

बरोबर आलेली हिमानी म्हणाली, “बुधवारच घेऊ गं आजी. जितकं लवकर तितकं बरं.”

सोजराबाईंनी बोटांवर तिथी मोजली. बुधवारी भांगाचे पाणी, जाळ्यात मासळी बेताची. निम्म्या बायका घरी राहतील. पुढच्या शुक्रवारी उधाण. उधाणात होड्या भरून येतात आणि घराघरातून पाटी निघते. हे गणित पालघरच्या खुर्चीत बसून कोणाला सुचले नसते.

“शुक्रवार,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या.”

मधल्या दिवसांत त्या स्वतः हिंडल्या. कुंभवलीला धर्मेश नावाचा कारखान्यातला कामगार होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांत त्याचे ऐकत. तो म्हणाला, “मावशी, आमच्या दीडशे सायकली धरा. पाळी सुटली तरी नाक्यावरूनच जाऊ, कोणी आतल्या वाटेने जाणार नाही. पण तुमच्या बायका येतील ना? नाहीतर आमी एकटेच चमकायचे.”

“दांडीच्या बायकांची काळजी तू करू नकोस,” सोजराबाई म्हणाल्या. “मी सांगितलं की त्या येतात.”

डोंगरपाड्यावरची लाडकी रानभाजी घेऊन बाजारात सोजराबाईंच्या शेजारी बसे. तीही म्हणाली, “आमी रोजच चालतो बाय. त्या दिवशी आनखी धा जनांना घेऊन येते.”

गुरुवारी सगळे जुळून आले होते. आणि गुरुवारी दिवेलागणीला जमनाबाई वारली.

जमनाबाई ऐंशीच्या घरातली म्हातारी, अंथरुणाला खिळून वर्ष झालेले. तिच्या मरणाचे कोणाला नवल वाटले नाही. परंतु बातमी आली तशी साऱ्या गावाची नजर सोजराबाईंच्या ओटीकडे वळली, आणि त्याला कारण होते.

गावाची रीत अशी की मयत असेल तर तिरडी उठेपर्यंत एकही पाटी वेशीबाहेर जात नाही. होडी समुद्रात असेल तिने परतावे, किनाऱ्याला असेल तिने सुटू नये, चूल पेटू नये, कोणी कामावर, शाळेत जाऊ नये. तेरा वर्षांपूर्वी सोजराबाईंचे यजमान पुंडलिक वारले, तेव्हा जमनाबाईची नवी सून सलोनी पहाटेच पाटी घेऊन निघाली होती. तिला कोणी सांगितले नव्हते, की सांगूनही तिने ऐकले नव्हते, हा वाद अजून मिटलेला नाही. सोजराबाईंनी दुःखाच्या घरातून उठून वेशीवर जाऊन ती पाटी भर रस्त्यात उलटी केली होती. पापलेटे धुळीत पडली. “माझा माणूस घरात आहे, आणि तुमच्या घरात बाजार सुचतो?” असे त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून जमनाबाई त्यांच्याशी अक्षर बोलली नाही. तेरा वर्षे दोघी एकाच देवळात, एकाच विहिरीवर, एकाच लग्नाच्या मांडवात पाठीला पाठ लावून बसल्या.

तीच जमनाबाई आता घरात पडून होती, आणि तिचा मुलगा निमेश चार दिवसांपासून खोल पाण्यात मासेमारीला गेलेला. उधाणाचे दिवस म्हणूनच गेलेला. वायरलेसवर निरोप धाडला. उत्तर आले की होडी वळवली आहे, किनाऱ्याला लागायला उद्या संध्याकाळचे पाच वाजतील.

पाच वाजता होडी, त्यानंतर तिरडी. नाक्यावरची माणसे सहाला उठणार.

हिमानी फोन घेऊन ओटीवर आली. तिचा चेहरा उतरला होता.

“दिग्विजय सर म्हणतात, गणतीची माणसं ठाण्याहून आलीत. परवा त्यांना दुसरीकडे जायचंय. दिवस बदलता येणार नाही. आजी, एक विचारू? पुतण्याने अग्नी दिला तर? पहाटेच उरकलं तर?”

“आईने मुलाची वाट बघायची नाही?”

“मग बायकांना नुसतं चालू दे. मासळी नको, रिकाम्या पाट्या घेऊन. नाक्यावरून जायचं आणि परत यायचं. विक्री नाही, धंदा नाही.”

“पाटी वेशीबाहेर गेली म्हणजे गेली. रिकामी का भरलेली, हे तिरडी विचारत नाही.”

आतून पुष्पलतेचा आवाज आला. ती बोंबील निवडत बसली होती आणि तिने हात थांबवले नव्हते. “माझी कंबर मोडली त्या दिवशी गावाने काय थांबवलं, आई? दुपारी बाजार भरला होता. माझीच पाटी उचलून कोणीतरी विकून आलं.”

“तू जिवंत होतीस.”

“हां. तीच चूक झाली.”

सोजराबाईंनी वळून पाहिले नाही. अंगणात पाच-सहा बायका येऊन उभ्या होत्या, हुकमाची वाट बघत. सोजराबाई आज ‘चला’ म्हणाल्या असत्या तर सारा गाव चालला असता, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आणि उद्या बाजारात लोक काय म्हणाले असते, तेही त्यांना ऐकू येत होते: स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी दुसऱ्याची पाटी उलटी केली, आणि वैरिणीच्या मयताला मात्र सगळ्या गावाला बाजाराची वाट दाखवली. तेरा वर्षांचे वैर सोजराबाईने तिरडीवर साधले. जमनाबाई जिवंत असती तर त्या भांडायला समर्थ होत्या. मेलेल्या बाईशी कोणी कसे भांडावे?

“उद्या गाव बंद,” त्या म्हणाल्या. “तिरडी उठेपर्यंत कोणी वेशीबाहेर जायचं नाही. शाळेच्या पोरींनीसुद्धा. आणि शेजारच्या गावांतल्या आपल्या माणसांनाही निरोप द्या.”

बायका निघून गेल्या. हिमानी तशीच उभी राहिली. “धर्मेशदादाला काय सांगू?”

“सांग, गावात मयत आहे.”

शुक्रवारचा दिवस निघता निघेना. सोजराबाई जमनाबाईच्या उशाशी जाऊन बसल्या, त्या घरात तेरा वर्षांनी. सलोनीने पाट सरकवला. बाहेर किनाऱ्यावर होड्या ओळीने ओढून ठेवलेल्या, सुकत घालायची मासळी नाही, चुलीचा धूर नाही. ऊन चढले, कलले. दर तासाने हिमानी दाराशी येई आणि हलक्या आवाजात धर्मेशने कळवलेला आकडा सांगे. दहा वाजता शंभरावर पाच. एक वाजता एकशे चाळीस. लाडकीने शब्दाप्रमाणे माणसे आणली होती. एक म्हातारा तर नाक्यावरून दोनदा गेला, तेव्हा रेघ मारणाऱ्याने त्याला हटकले. चार वाजता एकशे ब्याण्णव. मग सोजराबाईंनी हातानेच खूण केली, आता पुरे.

होडी साडेपाचला लागली. निमेश ओल्या कपड्यांनी धावत आला आणि आईच्या पायांवर कोसळला. तिरडी उठली तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती.

महिन्याभराने पत्र आले. हिमानीने ते ओटीवर उभे राहून वाचले. पादचारी व सायकली मिळून नोंद दोनशे एकतीस. सदर रस्त्यावरील वर्दळ निकषापेक्षा कमी असल्याने पदपथाची व बसफेरीची मागणी तूर्त विचारात घेता येत नाही.

धर्मेश बाजारात भेटला तो सायकलवरून उतरलाही नाही. “आमच्या एकशे सोळा आल्या, मावशी. दीडशे म्हणालो होतो, चौतीस कमी पडल्या, ती चूक आमची. तुमच्या किती आल्या?” उत्तराची वाट न पाहता तो निघून गेला. लाडकी त्या दिवशी शेजारी बसली, पण तिने भाजीची जुडी नेहमीप्रमाणे पदराखालून पुढे केली नाही.

सोजराबाई पुन्हा पालघरला गेल्या. दिग्विजय उठून उभा राहिला.

“तो दिवस रोजच्यासारखा नव्हता,” त्या म्हणाल्या. “गावात मयत होतं. हे कागदावर लिहा.”

“आजी, त्या कागदावर मयत लिहायला रकानाच नाही.” त्याने पेन खाली ठेवले. “पण मी वर विचारलं. फेरगणती मिळू शकेल, एकदाच. त्यांची एक अट आहे. गावाने ठराव करून द्यायचा, की गणतीच्या दिवशी कुठल्याही कारणाने गाव बंद राहणार नाही. सण असो, मयत असो. पुन्हा माणसं धाडून रस्ता रिकामा मिळाला तर माझी नोकरी जाईल.”

दुसऱ्या दिवशी सोजराबाईंनी देवळापुढे गाव जमवला. आजवर त्या उभ्या राहून सांगत आणि गाव ऐकत असे. त्या दिवशी त्या बसून बोलल्या. अट सांगितली, ठरावाचा कागद पुढे ठेवला, आणि शेवटी म्हणाल्या, “मी सांगत नाही. मागते.”

मग सलोनी उठली. तेरा वर्षांत ती सोजराबाईंपुढे प्रथमच उभी राहत होती.

“मावशी, माझी पाटी तुमी उलटी केलीत तेव्हा मी रडले होते. मनात म्हटलं, ही बाई फक्त आपल्या घरच्यापुरती रीत पाळते. माझी सासू मरेपर्यंत तेच म्हणत होती.” तिने पदर खोचला. “आणि तिच्याच तिरडीसाठी तुमी सगळा गाव थांबवला. रस्ता घालवला, पन थांबवला. माझ्या नवऱ्याला आईचं तोंड दिसलं. आता मी कुठल्या हाताने लिहून देऊ, की फुडच्या मानसासाठी गाव थांबायचा नाय? उद्या तुमची वेळ आली तर? तुमच्यासाठी आमी बाजारात बसायचं?”

“बसायचं,” सोजराबाई म्हणाल्या.

“ते तुमच्या तोंडून निघालं, आमच्या हातून व्हायचं नाय.”

“एकाच दिवसाचा प्रश्न आहे गं सलोनी. बारा तासांचा.”

“त्याच बारा तासांत कोणी जायचं नाय, असं देवाकडून लिहून आणा. मंग मी पयली सही करते.”

मागून एक म्हातारा खाकरला. “मयताची रीत मोडली तर गावात उरलं काय? टँकर?” कोणी हसले नाही. एकेक जण उठू लागला. जाताना प्रत्येक बाई सोजराबाईंच्या पाया पडून गेली, आणि कागदावर एकही सही झाली नाही. ज्यांनी तीस वर्षे त्यांचा शब्द झेलला होता, त्यांनी तो आजही झेलला होता. फक्त शुक्रवारचा झेलला, आजचा नाही. देवळापुढे अखेर हिमानी राहिली आणि वॉकरला टेकलेली पुष्पलता.

“घे पेन,” सोजराबाई म्हणाल्या. “कोरा कागद घे. लिही. मी, सोजराबाई पुंडलिक, राहणार दांडी, असे लिहून देते की माझ्या मयताच्या दिवशी गावाने थांबू नये. पाट्या नेहमीप्रमाणे बाजारात जाव्यात, होड्या नेहमीप्रमाणे सुटाव्यात. मला न्यायला चौघे पुरेत.”

हिमानीचा हात थांबला. “आजी, कचेरीत हे चालायचं नाही. त्यांना गावाचा ठराव हवाय.”

“गाव माझा नाही हे आज कळलं. मयत तरी माझं आहे. लिही.”

पुष्पलता इतकेच म्हणाली, “आई, एकटीच्या मयताने रस्ता होत नाय.”

“नाही होणार,” सोजराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

दिग्विजयने तो कागद दोनदा वाचला. त्याने कागदावर आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि बंद फाईलमध्ये लावून टाकला. “ठेवतो आजी,” तो म्हणाला. “ठेवण्याखेरीज मला काही करता येणार नाही.”

बोईसरला उतरल्यावर रिक्षा मिळाली नाही. हिमानीने सकाळी स्टेशनाबाहेर लावलेली सायकल काढली, आणि ती हातात धरून आजीबरोबर चालू लागली. सोजराबाईंना मुले नेहमी घरातल्या मोटरसायकलवरून बाजारात आणून सोडीत. त्या कडेवरून त्या कित्येक वर्षांत चालल्या नव्हत्या. कड त्यांना वाटली होती त्याहून अरुंद निघाली. कुठे खचलेली, कुठे खडीचा ढीग, कुठे गटारातला काळा गाळ काढून तिच्यावरच टाकलेला. मागून बाजारातून परतणाऱ्या बायकांची रांग आली. रिकाम्या पाट्या काखेत, पदर नाकाला. सोजराबाईंना पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे वाट करून दिली, म्हणजे त्या स्वतः टँकरांच्या वाटेत उतरल्या.

“वर चढा!” सोजराबाई ओरडल्या. “माझ्यासाठी खाली उतरू नका!”

आवाज मागून येणाऱ्या टँकरच्या हॉर्नमध्ये बुडाला. हिमानीने आजीचा दंड धरून तिला गटाराच्या बाजूला ओढले. सोजराबाईंचा एक पाय गाळात पिंढरीपर्यंत गेला. टँकर गेला, त्यामागे दुसरा, मग तिसरा. त्या तशाच उभ्या राहिल्या, नातीच्या खांद्यावर भार टाकून. कारण पाय बाहेर काढायला जागा हवी होती, आणि ती टँकरांची रांग संपेपर्यंत मिळणार नव्हती.